चाकाला बांधलेली लाल चिंधी

गेल्या डिसेंबरात दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये बाबांनी 'दिल्लीभोवतीच्या निवांत सायकलवाटा' या विषयावर पाऊण तास भाषण केलं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस कागद न बघता इतकं बोलतो, याचंच लोकांना कौतुक. कालव्याची पटरी, शिरीषाची सावली, धुक्यातून उठणाऱ्या म्हशी, गावातल्या एका वडीलधाऱ्या ताऊंनी पाजलेलं ताक, सगळं त्यांनी असं रंगवून सांगितलं की माझ्या शेजारच्या काकूंनी चष्मा काढून डोळे पुसले. शेवटी बाबा म्हणाले, "आता ती वाट राहिली नाही. बिल्डरांनी खाल्ली." लोक हळहळले. मग टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, कारण वक्त्याच्या मुलीने हाताची घडी घालून बसणं बरं दिसलं नसतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती वाट कशी गेली हे त्या हॉलमध्ये दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातला एक माईकसमोर उभा होता. दुसरी मी. तीस वर्षं मी हे पोटात ठेवलं. आईलासुद्धा सांगितलं नाही. आता लिहून टाकते.

बाबा केंद्र सरकारच्या एका कार्यालयात ड्राफ्ट्समन होते. ड्राफ्ट्समन म्हणजे नकाशे काढणारा. दुसऱ्यांनी मोजून आणलेली जमीन ते कागदावर उतरवायचे. अक्षर मोत्यासारखं, रेघ अशी सरळ की पट्टी लावली की नाही ते कळू नये. कराडजवळच्या गावातून नोकरीसाठी दिल्लीत आले आणि दिल्लीचेच झाले. मयूर विहारला सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. खाली सायकलचं शेड, समोर भाजीवाला, आणि दहा मिनिटांवर यमुनेचा पुश्ता, म्हणजे पुराचं पाणी अडवायला घातलेला लांबच लांब मातीचा बांध. पुश्त्याच्या पलीकडे तेव्हा नदीपर्यंत कोबी आणि फ्लॉवर होता.

मी आठवीत होते. घरोघरी केबल आली होती. सोसायटीतल्या काकांपैकी कोणी ना कोणी दर महिन्याला पेढे वाटायचं, गाडी बुक केली म्हणून. वर्तमानपत्रात पानभर जाहिराती यायच्या: दिल्लीपासून अर्ध्या तासावर, हिरवळ, तलाव, विलायती पद्धतीची घरं. बाबा त्या जाहिरातींतले नकाशे बघून हसायचे. "स्केल नाही, उत्तर दिशा नाही. हे काय नकाशे आहेत, यार!" असं म्हणायचे. मला वाटायचं, माझे बाबा या सगळ्यापेक्षा वेगळे आहेत. ते गाडी बुक करत नाहीत. ते रविवारी सायकल काढतात.

पहाटे पाचला निघायचं. "चलो मॅडम," असं बाबा दारातून म्हणायचे आणि मी मफलर गुंडाळत जिना उतरायचे. पुश्त्यावरून ओखल्याच्या बॅरेजपर्यंत, बॅरेज ओलांडला की आग्रा कालवा लागायचा. आम्ही त्याला नहरच म्हणायचो. नहरेच्या काठाने कच्ची पटरी होती, सिंचन खात्याची, ट्रक-बसला तिथे मज्जाव. एकदा पटरीला लागलं की हॉर्न बंद. फक्त साखळीचा आवाज आणि पाण्याचा. उजवीकडे दूरवर फरीदाबादच्या कारखान्यांची धुरांडी दिसायची, डावीकडे पुलापलीकडे नुसती शेतं. बाबा म्हणायचे, दिल्लीला वैतागलेल्या माणसाने गोळ्या घेऊ नयेत, इकडे यावं.

त्या वाटेवर बाबांनी मला मराठी शिकवलं. दिल्लीत वाढलेली मी, मला मराठी यायचं ते आमटी-भाताचं. शेतातलं मराठी मला कुठून यायला? बाबा सायकल थांबवून बोट दाखवायचे. हा पाट. हा बांध. ही ताल, हा वरंबा. झाडाभोवती केलेलं ते आळं. विहिरीवर बैलाने फिरवतात तो रहाट. हरियाणाच्या मातीवर उभी राहून मी कराडचे शब्द गोळा करत होते. वर्गातल्या कुठल्याही मुलीचे वडील तिच्याशी इतकं बोलत नसत. मला त्याचा गर्व होता, आणि तो मी लपवतही नसे.

आणि आमचा एक खेळ होता. त्याचं नाव 'वाटाड्या'. हा शब्दही बाबांनीच दिलेला. नहरेचा पूल ओलांडून आम्ही गावाकडच्या पायवाटेला लागलो की बाबा थांबायचे, खिशातून आईच्या जुन्या ब्लाउजची लाल चिंधी काढायचे आणि आपल्या मागच्या चाकाच्या एका तारेला बांधायचे. माझी सायकल त्यांच्या मागे. चिंधी वर आली की एक, परत वर आली की दोन. शंभर झाले की मी ओरडायचं, "शंभर!" मग बाबा उजव्या खिशातला एक चिंचोका डाव्या खिशात टाकायचे. वाट वळली की थांबायचं, चिंचोके मोजायचे आणि वहीत लिहायचं. वहीचं काम माझ्याकडे. किती फेरे झाले, वळण कुठे, तिथे काय दिसतं. बाबा म्हणायचे, "वाटाड्याला सगळं टिपता आलं पाहिजे. एखादा वाटसरू हरवला तर तुझी वही बघून घरी पोचला पाहिजे." मी झाडांना नावं द्यायचे. रुसलेली बाभूळ. भुताचा शिरीष. तीन बहिणी, म्हणजे एका रांगेतले तीन पेरू. सगळं वहीत आहे, पेन्सिलने.

आता विचार केला की हसू येतं, पण ते चांगलं हसू नाही. इतकी देखणी वाट, आणि मी त्या वाटेवर बघत काय होते, तर चिंधी.

तीन बहिणींच्या पलीकडे ताऊंची विहीर होती. ताऊ म्हणजे तिकडच्या भाषेत मोठे काका. ते साठीच्या आतबाहेरचे, उंच, एका कानात सोन्याची बारीक बाळी. विहिरीवर रहाट, शेजारी खाट, खाटेवर हुक्का. पहिल्यांदा आम्ही पाणी मागायला थांबलो तेव्हा त्यांनी बाबांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "कौन से महकमे के हो?" म्हणजे कुठल्या खात्याचे.

बाबा हसले. "महकमा कैसा, चौधरी जी. छुट्टी का दिन है, बच्ची को सैर करा रहा हूँ."

ताऊ माझ्याकडे वळले. "क्यूँ लाली, सच कह रहा है तेरा बाप?" तिकडे मुलीला लाडाने लाली म्हणतात.

"हाँ ताऊ जी," मी म्हणाले. "हम तो बस घूमने आते हैं."

मी खोटं बोलत नव्हते. माझा त्यावर पूर्ण विश्वास होता. ताऊंनी मला पितळी ग्लासात ताक दिलं, वर मीठ आणि भाजलेलं जिरं. त्यानंतर दर रविवारी ताक ठरलेलं. ताई म्हणजे ताऊंच्या बायको कधी बाजरीची भाकरी द्यायच्या, लोण्याचा गोळा ठेवून. आम्ही दोन तास खाटेवर बसायचो. मी पुढ्यात वही उघडून विहिरीचं चित्र काढायचे. बाबा ताऊंना सहज विचारायचे: पाणी किती हातांवर, पावसात इथे तुंबतं का, ती पलीकडची पट्टी कोणाची. मला वाटायचं, खेड्यातला माणूस खेड्यात आला की असंच बोलतो.

संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला जायची. दिल्लीतल्या मराठी माणसांचा हा नेम आहे. काला आंबला, म्हणजे जुन्या रणभूमीवर, जायचं, तिथल्या स्तंभापुढे डोकं टेकायचं, कोणीतरी भाषण करताना गहिवरायचं, आणि परतीच्या वाटेवर ढाब्यावर पराठे हाणायचे. आई दरवर्षी जायची. त्या वर्षी बाबा आईला म्हणाले, "तू जा, आम्ही दोघं नहरेवर जातो." आईने आमच्याबरोबर तिळगुळाचा डबा दिला. मला वाटलं, पानिपतापेक्षा बाबांना माझ्याबरोबरची वाट जास्त आवडते. मी दिवसभर तरंगत होते.

ताऊंच्या हातावर मी तिळगूळ ठेवला आणि आमच्याकडे म्हणतात तसं म्हणाले, "तिळगूळ घ्या, गोड बोला." त्यांना अर्थ विचारावासा वाटला. मी सांगितलं, मिठाई लो और मीठा बोलो. त्यांनी शब्द पुन्हा म्हणून बघितले, दोन-तीनदा, "गोड बोला, गोड बोला," आणि ताईंनाही म्हणायला लावले. मग लाडू दाढेखाली फोडत म्हणाले, "मीठा तो सब बोल लें हैं, लाली. तू सच बोलियो."

मी मान डोलावली. सच बोलायला माझ्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतंच.

फेब्रुवारीत माझ्या वाढदिवसाला बाबांनी मला गिअरची सायकल आणली. मोरपंखी रंगाची, पुढे टोपली. सोसायटीत कोणाकडे नव्हती. आईने कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, "हे काय आता?" बाबा म्हणाले, एक बाहेरचं काम मिळालंय, संध्याकाळी थोडं ड्रॉइंग करतो. मी त्या रात्री सायकल खोलीत आणून ठेवायचा हट्ट धरला होता, पण जिन्याने ती वर येईना. मग शेडमध्ये तिच्यावर जुनी चादर घातली.

एप्रिलमध्ये नववीची शाळा सुरू झाली. भूगोलाच्या बाईंनी भारताचा नकाशा ट्रेस करून आणायला सांगितला. बाबा ऑफिसात होते. ट्रेसिंग पेपर कपाटावर असतो हे मला माहीत होतं. मी स्टूल घेतलं आणि गुंडाळी खाली काढली. ती कोरी नव्हती.

खाटेवर पसरली तेव्हा पहिल्यांदा मला आनंद झाला. हे खरं आहे, आणि ते सांगायला आज लाज वाटते. कारण त्या कागदावर आमची वाट होती! नहर होती, पूल होता, पुलापासून निघालेली पायवाट होती, आणि प्रत्येक वळणाशी बाबांच्या मोत्यासारख्या अक्षरात अंतर लिहिलेलं होतं. कडेला बारीक पेन्सिलीने माझीच नावं: रुसलेली बाभूळ, भुताचा शिरीष, तीन बहिणी. मला वाटलं, बाबा माझ्यासाठी नकाशा काढतायत. सरप्राइज.

मग मी त्यावरच्या लाल रेघा बघितल्या. रेघा पायवाट मानत नव्हत्या. त्या सरळ होत्या, बाबांच्या रेघा असतात तशा, आणि त्यांनी सगळ्या शेतांचे सारखे चौकोन केले होते. चौकोनांना आकडे होते. तीन बहिणींवर फुली होती आणि तिथे लिहिलं होतं 'मुख्य गेट'. ताऊंच्या विहिरीभोवती एक नीटस गोल, आणि गोलातून बाण काढून एकच शब्द: बुजवणे. खाली कोपऱ्यात इंग्रजीत एका कॉलनीचं नाव. त्यातही हिरवळ होतीच.

मी ती गुंडाळी परत ठेवली नाही. संध्याकाळी बाबा आले, बूट काढले, खाटेवर कागद पसरलेला बघितला. त्यांनी आधी स्वयंपाकघराकडे नजर टाकली. आई कुकर लावत होती. मग दार ओढून घेतलं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"अगं, काम आहे. ऑफिसबाहेरचं. एका कंपनीला जमिनीचा अंदाज हवा होता. सर्वेची माणसं गेली की गावात बोभाटा होतो, भाव चढतात. म्हणून."

"म्हणून मला नेत होता?"

"असं कसं बोलतेस? आपण फिरायला जायचो. जाताजाता मोजलं, त्यात काय बिघडलं?"

"ताऊंची विहीर बुजवणार?"

"मी बुजवतोय का? मी नकाशा काढतो. जमीन कोण घेतं, कोण विकतं, याच्याशी आपला काय संबंध?" मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तिकडे काही बोलू नकोस, अच्छा? तुझी सायकल काही आभाळातून पडली नाही, राणी."

मला आजही त्या 'राणी'चा राग आहे. ओरडले असते तर मी भांडले असते. लहान मुलाबरोबर फिरणाऱ्या माणसाचा कोणाला संशय येत नाही, हे त्यांनी आधीच हेरलं होतं. माझे शब्द, माझी वही, माझी झाडं, सगळं त्यांनी गोळा केलं आणि कुठल्याशा कंपनीच्या टेबलावर नेऊन ठेवलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. तेरा वर्षांच्या मुलीला वडिलांशिवाय दुसरा कोण माणूस माहीत असतो? त्या दिवसापासून मला त्यांच्या मायेत हिशेब दिसू लागला, आणि तो आजवर दिसायचा थांबलेला नाही. ताप आला की ते कपाळावर हात ठेवायचे, तेव्हाही माझ्या मनात यायचं, आता हे काय मोजतायत.

आणि मला सगळ्यात कुरतडत राहिला तो प्रश्न वेगळाच होता. ते शब्द त्यांनी मला खरंच शिकवले होते, की रविवार भरायला काहीतरी बोलत होते? पाट, बांध, आळं. हे माझं होतं की कामाचा भाग होतं? हे मी त्यांना कधी विचारलं नाही. उत्तर काहीही आलं असतं तरी माझा त्यावर विश्वास बसला नसता.

पण मी सायकल परत केली नाही. ते इथेच लिहिते, नंतर लिहायचं धैर्य होणार नाही.

मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. चिंधी नव्हती, मोजायचं संपलं होतं. ताऊ खुशीत होते. त्यांनी मला खाटेवर शेजारी बसवलं, ताक दिलं, आणि म्हणाले, शहरातून भली माणसं आली होती. जमीन मागतायत. गोशाळा काढायची आहे त्यांना. विहीर तशीच ठेवणार, गाईंना पाणी पाजायला. मुलांना तर विकायचीच आहे, शेतीत कोणाचं लक्ष नाही. मग जमीन गाईंच्या कामाला गेली तर वाईट काय?

बाबा नहरेकडे बघत होते.

"तू तो पढ़ी-लिखी है, लाली," ताऊ म्हणाले. "तू बता. ठीक लोग हैं?"

मला तो क्षण अगदी लख्ख आठवतो. रहाट थांबलेला होता. ताई चुलीपाशी होत्या. माझी मोरपंखी सायकल तीन बहिणींपैकी पहिलीला टेकून उभी होती. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मूग गिळून बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी हसून म्हणाले, "हाँ ताऊ जी. अच्छे ही होंगे."

"बस," ताऊ म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. परत येताना बाबांनी पुलाजवळ माझ्यासाठी उसाचा रस घेतला. मी तो प्यायले.

दिवाळीच्या आधी तिकडे काटेरी तारेचं कुंपण पडलं. पायवाट जिथे नहरेवरून उतरायची तिथे एक पहारेकरी खुर्ची टाकून बसला होता. "आगे रास्ता बंद है," तो म्हणाला. बाबांनी सायकलवरून एक पाय खाली टेकवला, कुंपणापलीकडे बघितलं आणि म्हणाले, "अरेरे."

अरेरे! तिथे तिसरं कोणी नव्हतं. पहारेकऱ्याला मराठी येत नव्हतं. म्हणजे ते अरेरे माझ्यासाठी होतं. माझ्यासमोर, मला सगळं माहीत असताना! त्या एका शब्दाने मी बाबांपासून जी तुटले ती कायमची. घरी येऊन मी सायकल शेडमध्ये लावली आणि कानाला खडा लावला. पुन्हा त्यांच्याबरोबर गेले नाही. मोरपंखी सायकल तिथेच गंजली. आईने पुढे ती भंगारवाल्याला दिली तेव्हा बाबा म्हणाले, पोरीला एवढी हौसेने आणून दिली, तिला कदर नाही.

त्यानंतर आमच्यात भांडण असं कधी झालं नाही. मी शिकले, नोकरीला लागले, गुरुग्रामला बाविसाव्या मजल्यावर राहायला गेले. तिथल्या जमिनीवर आधी काय होतं, ते मी चौकशी करत नाही. महिन्यातून दोनदा मयूर विहारला जाते, बाबांच्या गोळ्या बघते, आईला बँकेत नेते. बाबा आणि मी गोड बोलतो. आई लोकांना सांगते, बापलेकीचं किती छान जमतं.

हे असंच चाललं असतं. पण त्या हॉलमध्ये बाबा म्हणाले, बिल्डरांनी खाल्ली, आणि माझी सहनशक्ती संपली. माणसाने एक वेळ वाट विकावी, पण वर तिच्या नावाने गळा काढून टाळ्या घेऊ नयेत. मी ठरवलं, ताऊ असतील नसतील, जाऊन सांगायचं. माझ्या बापाने तुम्हाला फसवलं, असं स्वच्छ शब्दांत. निदान एका माणसाला तरी खरं कळू दे.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी मी मयूर विहारहून कॅब केली. आईला म्हणाले, पानिपतच्या बसला येत नाही, काम आहे. तिने तिळगुळाचा डबा हातात दिला. आता पुलापलीकडे सगळे टॉवर आहेत. पटरी डांबरी झाली आहे आणि तिच्यावर गाड्यांची रांग असते. मोबाइलच्या नकाशावर मी पुलापासूनचं अंतर बघत होते. तीन बहिणी असायला हव्या होत्या तिथे खरोखरच मुख्य गेट होतं. बाबांचं काम चोख.

गेटवरच्या गार्डला मी विचारलं, इथे जुन्या गावातले एक ताऊ होते, कानात बाळी. तो म्हणाला, "वो तो रोज़ यहीं बैठते हैं," आणि कंपाउंडच्या भिंतीबाहेर बोट दाखवलं. भुताचा शिरीष भिंतीच्या एक हात बाहेर राहिल्यामुळे वाचला होता. त्याच्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर, ब्लँकेट गुंडाळून, ताऊ उन्हाला बसले होते. नव्वदीला टेकलेले. दात गेलेले. बाळी होती.

मी पाया पडले आणि म्हणाले, मी ती सायकलवाली. त्यांनी डोळ्यांवर आडवा हात धरून बघितलं. मग म्हणाले, "लाली."

मी सगळं सांगितलं. एका दमात, हिंदीत. माझे वडील नकाशे काढायचे, ते तुमची जमीन मोजायला यायचे, चाकाची चिंधी मोजमापाची होती, गोशाळा वगैरे सगळी थाप होती, त्यांना आधीपासून माहीत होतं. मला वाटलं होतं, ते चिडतील, किंवा रडतील, किंवा बाबांना शिव्या घालतील. मला त्या शिव्या ऐकायच्या होत्या.

ताऊ म्हणाले, "लत्ता तो मैंने पहले ही दिन देख लिया था."

चिंधी त्यांनी पहिल्याच दिवशी बघितली होती. त्यांचे चुलते तरुणपणी नहरवाल्यांच्या हाताखाली जरीब ओढायचे, जमीन मोजायची साखळी. "पहिये पे लत्ता बाँध के कोई सैर ना करता, लाली. इतना तो मैं भी जानूँ."

"मग," मी मराठीतच बोलले आणि मग हिंदीत वळले, "फिर आपने कुछ कहा क्यों नहीं? बाबा से पूछा क्यों नहीं?"

"उससे क्या पूछता? वो तो नौकर आदमी, जो कहना था वही कहता." त्यांनी ब्लँकेट सारखं केलं. "मैंने तो तुझसे पूछा था."

टॉवरच्या आत कुठेतरी ड्रिल चालू होतं.

"लड़के बेचते ही, ज़मीन तो जाती," ते म्हणाले. "पर अँगूठा मैंने हँस के लगाया. गाय पानी पिएँगी, ये सोच के. अपनी आँख पे ना गया मैं. तेरी ज़बान पे गया."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तीस वर्षं मी एकाच माणसाचा गुन्हा घासूनपुसून लख्ख ठेवला होता, आणि ज्याला खरोखर फसवलं गेलं त्याच्या लेखी तो माणूस नव्हताच. होते ती मी. माफ करा म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं.

त्यांनी हात पुढे केला. मी त्यावर तिळगूळ ठेवला आणि सवयीने म्हणून गेले, "तिळगूळ घ्या..." आणि तिथेच अडकले. पुढचं मला म्हणता येईना.

ताऊंनी लाडू मुठीत धरला.

"गोड बोला," ते म्हणाले. "आगे यही था ना, लाली?"